आठ लाख घेऊन सही करू का?

आधी पत्र देते, थोडं छोटं करून.

"ताई, माझे मिस्टर नेव्हीत मास्टर चीफ आहेत. चार महिन्यांत पंचवीस वर्षं पूर्ण होतील आणि ते पेन्शनवर येतील. लग्नाला सोळा वर्षं झाली, मुलगा १४ चा, मुलगी १० ची. दोन वर्षांपासून मी मुलांना घेऊन भांडुपला आईकडे आहे, एका लॅबमध्ये १४,००० वर काम करते. ते कधी दहा हजार पाठवतात, कधी दोन दोन महिने काहीच नाही. आता त्यांना म्युच्युअल डिव्होर्स पाहिजे. म्हणतात ८ लाख घे, बदलापूरच्या फ्लॅटमधून (दोघांच्या नावावर आहे) नाव काढ आणि मोकळी हो, पेन्शन मला सरकारने दिलीय, तुझा काय संबंध. त्यांच्या वकिलाने पेपर पाठवलेत, पुढच्या आठवड्यात सहीला बोलावलंय. माझा भाऊ म्हणतो सही करू नकोस, त्याने व्हिडिओ बघितलाय की लग्न दहा वर्षांच्या वर टिकलं असेल तर फौजीच्या बायकोला अर्धी पेन्शन थेट खात्यात येते. सासूबाई रोज रत्नागिरीहून फोन करतात, ताणू नकोस म्हणतात. कोणाचं ऐकू?"

तू वयाने लहान आहेस म्हणून अगंतुगं करते, चालेल ना. भावाचा सल्ला बरोबर आहे, सही करू नकोस. पण त्याने दिलेलं कारण साफ चुकीचं आहे, आणि ते तसंच डोक्यात ठेवून कोर्टात गेलीस तर पहिल्याच तारखेला तोंडावर पडशील, म्हणून आधी तेच क्लिअर करते.

त्या व्हिडिओत जे सांगितलंय ते अमेरिकेचं आहे. तिथे १९८१ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की मिलिटरी पेन्शन घटस्फोटात वाटता येणार नाही, त्यावर आरडाओरड झाली आणि १९८२ मध्ये त्यांच्या संसदेने वेगळा कायदा करून राज्यांच्या कोर्टांना पेन्शन ही नवराबायकोची प्रॉपर्टी धरून वाटायची मुभा दिली. आणि दहा वर्षांचा जो नियम तुझा भाऊ सांगतोय ना, तो तिथेसुद्धा "अर्धी मिळते" असा नाहीच. लग्नाची दहा वर्षं आणि नोकरीची दहा वर्षं एकाच काळात आली असतील तर तिथलं डिफेन्सचं अकाउंट ऑफिस बायकोचा वाटा नवऱ्याच्या हातात न देता थेट तिला पाठवतं, एवढाच तो नियम. वाटा द्यायचा की नाही आणि किती, ते राज्याचं कोर्ट ठरवतं. म्हणजे नियम पैसे कुठल्या खिडकीतून मिळणार याचा, आणि आपल्याकडे फॉरवर्ड होत होत त्याचं झालं "दहा वर्षं झाली की अर्धी पेन्शन".

आपल्याकडे ती खिडकीच नाही. लग्नानंतर कमावलेलं सगळं दोघांचं, घटस्फोटात निम्मं निम्मं, असा कायदा भारतात नाहीये. ज्याच्या नावावर त्याचं. त्यामुळे पेन्शनचे दोन तुकडे करून एक तुझ्या नावाने सुरू करा असा आदेश मिळत नाही, आणि उद्या नवऱ्याने खूश होऊन लिहून दिलं की माझी अर्धी पेन्शन हिच्या नावे करतो तरी त्या कागदाला अर्थ नाही, कारण पुढे मिळणारी पेन्शन आधीच दुसऱ्याच्या नावे करून देणं १८७१ च्या पेन्शन ॲक्टप्रमाणे रद्दबातल असतं. हो, १८७१, इंग्रजांच्या काळातला कायदा, अजून चालू आहे.

आता हे वाचून तुझे मिस्टर म्हणतील बघ मी सांगत होतो ना. थांबा जरा. पेन्शनमध्ये वाटा नाही हे खरं, पण पेन्शनशी तुझा संबंध नाही हे खोटं. पेन्शन हे त्यांचं उत्पन्न आहे आणि बायकोमुलांची पोटगी उत्पन्न बघूनच ठरते. हिंदू मॅरेज ॲक्टचं कलम २४ केस चालू असतानाच्या खर्चासाठी आणि कलम २५ कायमच्या पोटगीसाठी, दोन्हीकडे कोर्ट विचारतं की याच्याकडे काय येतं, हिच्याकडे काय येतं, मुलं कोणाकडे आहेत. तुझे १४,००० सुद्धा बघतील, पण दोन मुलं घेऊन मुंबईत राहणाऱ्या बाईला १४,००० आहेत म्हणून पोटगी नको असं कोणी म्हणणार नाही. सुप्रीम कोर्टाने काही निकालांमध्ये बायकोसाठी निव्वळ पगाराच्या २५ टक्के ही रक्कम योग्य धरलीय, तो काही पक्का नियम नाही, पण वकील लोक बोलणी तिथूनच सुरू करतात. शिवाय त्रेचाळीसाव्या वर्षी रिटायर झालेला मास्टर चीफ काय घरी बसणारे का? कुठेतरी सिक्युरिटीत, पोर्टवर, शिपिंगमध्ये लागणारच, तेही उत्पन्न धरलं जातं.

मग पोटगी ठरली आणि त्याने दिलीच नाही तर? इथे सगळे एक वाक्य फेकतात, "पेन्शन जप्त होत नाही". सावकाराच्या, बँकेच्या कर्जासाठी होत नाही, बरोबर आहे, पेन्शन ॲक्टचं कलम ११ तेच सांगतं. पण मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने काही वर्षांपूर्वी सांगितलंय की पोटगी म्हणजे कर्ज नव्हे आणि बायको म्हणजे सावकार नव्हे, पोटगीसाठी पेन्शनवर जप्ती आणता येते. हे तुझ्या वकिलाला माहीत असेलच, नसेल तर वकील बदल (हे अर्धं गमतीत म्हणतेय). एक मात्र लक्षात ठेव, तू जर जुन्या सीआरपीसीच्या कलम १२५ खाली, म्हणजे आता बीएनएसएस या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम १४४ खाली पोटगी घेतलीस आणि ती थकली, तर थकल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज टाकायचा असतो. बायका वाट बघत बसतात, देतील देतील म्हणून, आणि जुने महिने हातचे जातात.

आता ८ लाखांकडे येऊ. हा आकडा कुठून आला असेल हे मला कळलंय असं वाटतं, ऐक. समजा तुझ्या मिस्टरांचा पेन्शनसाठी धरला जाणारा शेवटचा पगार ५६,००० आहे (खरा आकडा पे स्लिपवर बघ, मी हिशोबाला सोपा म्हणून घेतलाय). पेन्शन त्याच्या निम्मी, २८,०००. फौजेत यातली ५० टक्के विकता येते, त्याला कम्युटेशन म्हणतात, म्हणजे १४,००० सोडायचे आणि त्याबदल्यात एकदम रक्कम घ्यायची, या वयाला ती वर्षाच्या रकमेच्या साधारण नऊ पट पडते, म्हणजे १५ लाखांच्या आसपास. ग्रॅच्युइटी पंचवीस वर्षांच्या नोकरीला साडेबारा महिन्यांचा पगार, डीए धरून, डीए ५० टक्के जरी पकडला तरी साडेदहा लाख. रजा साठलेली असेल तर जास्तीत जास्त ३०० दिवसांचा पगार, ते पूर्ण ३०० असतील तर आठ लाखांच्या वर. हे झाले ३४ लाख. यात पीएफ धरला नाही, ग्रुप इन्शुरन्सचे मॅच्युरिटीचे पैसे धरले नाहीत. म्हणजे तुला जे ८ लाख देतायत ते नुसत्या रजेच्या पैशातून निघतात, आणि त्याच्या बदल्यात तू फ्लॅटपण सोडायचा!

आणि कम्युटेशनमध्ये एक मेख आहे. कोर्टात कागद लावताना बरेच जण उरलेली पेन्शन दाखवतात, साहेब मला १४,००० च मिळतात, त्यात मी हिला काय देऊ. पण विकलेल्या निम्म्याचे १५ लाख त्यांनी घेतलेत ते कुठे गेले? शिवाय महागाई रिलीफ (म्हणजे पेन्शनवरचा महागाई भत्ता) कम्युटेशनच्या आधीच्या पूर्ण पेन्शनवर मिळतो, म्हणजे २८,००० वर, उरलेल्या १४,००० वर नाही. आणि पंधरा वर्षांनी विकलेला भाग परत चालू होतो. त्यामुळे तुझ्या वकिलाने मूळ पेन्शन किती, कम्युट किती केली, एकदम किती मिळाले हे तिन्ही आकडे वेगवेगळे मागायचे. मागायला जागाही आहे, २०२० च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने रजनेश विरुद्ध नेहा या केसमध्ये ठरवून दिलंय की पोटगीच्या प्रत्येक केसमध्ये दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज सगळं प्रतिज्ञापत्रावर सांगायचं, आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची. अर्ज केल्याच्या तारखेपासून, हे दोनदा वाच. तू दोन वर्षं भांडुपला काढलीस, त्यातला एक महिनासुद्धा मोजला जाणार नाही, कारण अर्जच टाकलेला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुझ्या पत्रात कुठेच नाहीये आणि त्यामुळेच मला जास्त काळजी वाटली. फॅमिली पेन्शन. नवरा गेल्यावर बायकोला मिळते ती. शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आपल्या हिशोबात १६,८०० आणि वर महागाई रिलीफ, रिटायर झाल्यावर लवकर गेला तर पहिली काही वर्षं ५० टक्क्यांनी. ही पेन्शन कायदेशीर बायकोची असते. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला त्या दिवशी तुझा त्यावरचा हक्क संपला, लग्न सोळा वर्षं टिकलं काय आणि तीस वर्षं टिकलं काय. त्यांनी दुसरं लग्न केलं, अगदी रिटायर झाल्यावर केलं, तरी ती पेन्शन तिची. ईसीएचएसचं म्हणजे मेडिकलचं कार्ड, कॅन्टीनचं कार्ड, तेही गेलं. मुलांचं मात्र जात नाही, ती त्यांची मुलंच राहतात, ईसीएचएसमध्ये राहू शकतात आणि वयाच्या मर्यादेपर्यंत फॅमिली पेन्शनमध्येही त्यांचा नंबर लागतो, फक्त त्यांची नावं, जन्मतारखा रेकॉर्डवर नीट असायला हव्यात. ८ लाखांना १६,८०० ने भागून बघ, चार वर्षंसुद्धा होत नाहीत. तू आत्ता चाळिशीच्या आत आहेस.

आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी हेच केलं होतं, नवरा आर्मीत सुभेदार, वैतागून म्युच्युअलवर सही करून टाकली, मला त्याचा एक पैसा नको म्हणाल्या. सहा वर्षांनी तो हार्ट ॲटॅकने गेला. तेव्हा पेन्शनच्या कागदावर दुसऱ्या बाईचं नाव होतं आणि यांच्याकडे एका प्लास्टिकच्या पिशवीत लग्नाचं सर्टिफिकेट आणि घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची झेरॉक्स. ती झेरॉक्स त्या आमच्या सेंटर टेबलावर हाताने सपाट करत होत्या, घडी पडली होती म्हणून. मी काय सांगणार त्यांना.

म्हणून मला तुला एक विचारायचंय, घटस्फोट कोणाला पाहिजे, त्यांना का तुला? पत्रात तरी त्यांनाच पाहिजे असं दिसतंय. तुला दुसरं लग्न करायचं नसेल, फक्त वेगळं राहायचं असेल आणि खर्च मिळायला हवा असेल, तर त्यासाठी घटस्फोट लागतच नाही. पोटगी लग्न चालू असतानाही मिळते. ज्युडिशियल सेपरेशन नावाचाही मार्ग आहे, हिंदू मॅरेज ॲक्टचं कलम १०, त्यात कोर्टाच्या आदेशाने वेगळं राहता पण कायद्याने बायकोच राहतेस, आणि फॅमिली पेन्शनचा हक्क घटस्फोटासारखा आपोआप जात नाही. नेव्ही-आर्मीच्या घरांमध्ये कित्येक बायका मुद्दाम घटस्फोट देत नाहीत त्याचं कारण हे असतं, लोक म्हणतात सूड घेतेय, अडवून ठेवलंय, म्हणू देत. मी असं नाही म्हणत की मेलेलं लग्न पेन्शनसाठी गळ्यात बांधून फिर, त्रास असेल तर सुटणं हेच बरोबर. पण सुटताना काय सोडतेय ते माहीत असावं आणि त्याची किंमत त्या सेटलमेंटमध्ये आलेली असावी. फॅमिली पेन्शन जाणार असेल तर त्या बदल्यात तुझ्या नावाने काहीतरी ठोस हवं, आणि मला विचारशील तर तो बदलापूरचा फ्लॅट. ते म्हणतात तू नाव काढ, तू म्हण तुम्ही काढा, त्यावर लोन उरलं असेल तर ते कम्युटेशनच्या पैशातून फेडा आणि फ्लॅट माझ्या आणि मुलांच्या नावावर करा. वर मुलांसाठी दरमहा वेगळी रक्कम, आणि ती दर दोन वर्षांनी वाढेल असं लिहून घे, कारण त्यांचा महागाई रिलीफ वर्षातून दोनदा वाढतो आणि तुझी पोटगी कागदावर गोठून बसते. सुप्रीम कोर्टानेच २०२५ मध्ये एका केसमध्ये दरमहा ५०,००० आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ दिली होती, तेव्हा हे मागणं काही जगावेगळं नाही.

त्या वकिलाच्या पेपरांमध्ये शेवटी शेवटी एक परिच्छेद असेल बघ, बहुतेक असतोच, की "पत्नी स्वतःसाठी व मुलांसाठी भूतकाळातील, वर्तमानातील व भविष्यातील पोटगीचा हक्क सोडत आहे आणि पतीच्या सेवानिवृत्तीच्या कोणत्याही रकमेवर दावा सांगणार नाही". याच एका वाक्यासाठी तुला पुढच्याच आठवड्यात बोलावलंय, ते नेव्हीतून रिलीज व्हायच्या आधी. मुलांचा हक्क आईने सही करून सुटत नाही, तो मुलांचा असतो, पण तुझा सुटू शकतो, आणि नंतर मला समजलं नव्हतं म्हणून रडत गेलीस तर फार अवघड जातं. घाई त्यांना आहे गं, तुला कसली आहे. म्युच्युअलला कलम १३ब प्रमाणे सहा महिने थांबायचं असतं, २०१७ पासून सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की योग्य केसमध्ये ते माफ होऊ शकतात, त्यामुळे "तारीख जाईल, मग वर्ष लागेल" असल्या धमक्यांना भीक घालू नकोस.

हे चार महिने मात्र वाया घालवू नकोस. ते सर्व्हिसमध्ये आहेत तोपर्यंत तुझ्याकडे एक जास्तीचा रस्ता आहे, नेव्ही ॲक्ट १९५७ चं कलम ३१, बायकोमुलांना वाऱ्यावर सोडलं असेल तर पगारातूनच कापून द्यायचा आदेश नेव्हीला काढता येतो, कोर्टाची पायरी न चढता. (आर्मीत यासाठी बायकोला २२ टक्के, प्रत्येक मुलाला साडेपाच, सगळं मिळून ३३ च्या वर नाही असं गणित आहे.) त्यांच्या कमांडिंग ऑफिसरच्या नावाने साधा अर्ज कर, कधी पैसे आले कधी नाही त्याचं बँक स्टेटमेंट जोड. चार महिन्यांत कापणी सुरू होईल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, फायली तिथेही हळूच चालतात, पण लेखी नोंद तरी होईल, आणि रिलीज झाले की हा दरवाजा बंद. नुसते फोन करू नकोस, अर्जाची पोच घे.

आणि पेन्शनच्या कागदांसाठी जॉइंट फोटो लागतो, तुझी माहिती लागते, ते सगळं मानखुर्दच्या नेव्हल पेन्शन ऑफिसकडून पुढे स्पर्शवर, म्हणजे डिफेन्स पेन्शनच्या ऑनलाइन सिस्टिमवर, चढतं. त्यासाठी फोटो मागितला तर रागाने नाही म्हणू नकोस, दे. आज तू कायदेशीर बायको आहेस, पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, तुझं नाव यायलाच हवं. फक्त फोटो देताना कोऱ्या कागदावर सही देऊ नकोस, "बाकीचं मी भरतो" म्हणून.

नवऱ्याच्या हातात एकरकमी पैसे आले की गावाकडे भावाच्या नावाने जमीन घेतली वगैरे प्रकार होतात, ती भीती असेल तर २००५ च्या डीव्ही ॲक्टखाली (कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा) मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करून मालमत्ता विकायला, खाती हलवायला बंदी मागता येते, खर्चाचे पैसे न देणं हासुद्धा त्या कायद्यात आर्थिक छळ आहे. हे वकिलाबरोबर बसून ठरव, प्रत्येक केसमध्ये लावावंच असं नाही, विनाकारण चार केसेस टाकून तू स्वतःच तारखांना फिरत बसशील आणि लॅबमधली रजा कापली जाईल.

वकिलाला पैसे नाहीत असं पत्रात शेवटी लिहिलंयस (वर तो भाग गाळलाय). बीकेसीत फॅमिली कोर्टात गेलीस की विधी सेवा प्राधिकरणाबद्दल विचार, फुकट वकील मिळायला बाईला उत्पन्नाची अट नसते, तुझा १४,००० चा पगार आड येत नाही. महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोटाच्या केसला बायकांना कोर्ट फीही माफ आहे. जाताना लग्नाचं सर्टिफिकेट, मुलांचे जन्मदाखले, फ्लॅटचं ॲग्रीमेंट, लोनचं स्टेटमेंट, दोन वर्षांचं तुझं पासबुक आणि मिळाली तर त्यांची एखादी जुनी पे स्लिप ने. आणि तो वकिलाने पाठवलेला गठ्ठा, सही न केलेला, प्रत्येक पानाचा फोटो काढून.

सासूबाईंशी वाकडं बोलू नकोस, त्यांचं वय झालंय आणि नातवंडांना भेटायला त्यांनाही यायचंय. फोन आला की एवढंच सांग की आई, पेपर माझ्या वकिलाकडे वाचायला दिलेत, आणि मग पोरांना फोन दे.